चुलीपाशी लोंबणारं बटण

उज्जैन, सोमवार, ऑक्टोबर १९५६

अख्खी सुट्टी भिंत फोडण्यात गेली. रेडिओ बाहेरच्या खोलीत, स्पीकर स्वयंपाकघराच्या भिंतीत जाळीमागे, आणि चुलीपाशी लांब वायरीला लोंबणारं बटण. आईनं बसल्या जागेवरून रेडिओ लावावा, बंद करावा. पुढच्या महिन्यात नवं राज्य होतंय, आमचं दफ्तर भोपाळला चाललंय. आई उज्जैन सोडायला तयार नाही. घरात निदान माणसाचा आवाज राहील, एवढंच डोक्यात होतं.

आज सकाळी म्हटलं, "दाब बटण." ती सोवळ्यात पोळ्या लाटत होती. पुढे केलेला हात मागे घेतला. "वायरीवर सुती कापड आहे रे. फ्रीगंजच्या दुकानात किती जणांनी हाताळलं असेल!"

मला कसं सुचलं नाही? जन्मभर तिला दुपारपर्यंत सोवळ्यात बघतोय, आणि वायर आणली ती सुती कापडाची! दुसरी मिळत नाही म्हणा.

"लाटण्यानं दाब."

"म्हणजे लाटणंही ओवळं?"

शेवटी मीच दाबलं. भजन लागलं. ती ऐकत राहिली आणि तव्यावरची पोळी करपली. म्हणजे आवडलं होतं तिला. पण मी गेल्यावर कोण दाबणार?

संध्याकाळी स्वतःच जाळीपाशी येऊन उभी राहिली. ती सुती वायर बोटांनी चाचपत म्हणाली, "तू भोपाळला बोललास तर यातून ऐकू येईल?"

"नाही, आई."

"आणि मी इथून बोलले तर तुला?"

मी मान हलवली.

"मग बेकार आहे सगळं. जायच्या आधी बुजवून टाक."

चुना भिजत घातलाय.