एक हात जास्त

२ मार्च, टॅम्पिनीस
इथे परदेशातल्या मराठी मंडळाने माझा फॉर्म परत पाठवला. घटनेत लिहिलंय, 'सभासद, त्याची पत्नी व त्याचे आईवडील'. सभासद माझी लेक सुनंदा. मी तिचा बाप, म्हणून पाहुणा. पाहुण्याला ज्येष्ठांच्या कॅरमला वर्षातून दोनदाच येता येतं. माझं दोनदा होऊन गेलं.
सु. भडकली. "घटनेतले शब्दच बदलायचा ठराव मांडते." म्हटलं, नको गं. आधीच लेकीच्या घरी राहतो, लोक काय...

९ मार्च
मसुदा तयार. 'सभासद, जोडीदार व दोघांचेही आईवडील'. जावईबापूंनी टाईप केला. नात इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाली, "आजोबा, सो सिंपल लाह!" तिला काय जातंय.
कॅरममधल्या जोगांचा फोन. "काय हो, तुमच्या एका सोंगटीसाठी अख्खी घटना हलवताय?" मग स्वतःच हसले. "मत तुम्हालाच देणार. असा भिडू कुठून आणू?"

२३ मार्च, रविवार
सभा झाली. मी मागे बसलो. सु. उभी राहिली. "वडील माझ्याकडे राहतात. त्यांना पाहुणा म्हणताना मला जड जातं." एवढंच बोलली.
मग हात वर. दोन तृतीयांश हवे होते, नेमके तेवढेच भरले. मंजूर! जोगांनी पाठीत थाप मारली. जावईबापूंनी श्रीखंड घेतलं.
परतताना एमआरटी मेट्रोत बसल्यावर लक्षात आलं. माझाही हात वर होता. गावी ग्रामसभेत जन्मभर केला, तसाच. पाहुण्याला मत नसतं. मोजणाऱ्या पोराने मोजला असेल का? मागून दुसरी रांग, सभासदांमध्येच. असेलच.

२४ मार्च
श्रीखंड वाटीत तसंच ठेवलं. सु. गुणगुणत माझा नवा फॉर्म भरतेय. सांगू कसं?

२६ मार्च
सांगितलं. ती पालकाची भाजी निवडत होती. हात थांबले.
"बाबा, तुम्हाला मत नव्हतं ना?"
"तू बोलायची थांबलीस आणि हात गेला वर."
हसली. हसता हसता डोळे पुसले. मग म्हणाली, "सेक्रेटरींना सांगावं लागेल."
म्हटलं, सांग.
आतल्या खोलीत जाऊन फोन लावलाय. दार लोटलेलं. बोलणं नीट कळत नाही. 'माझे बाबा' एवढंच दोनदा ऐकू आलं.