दोनशे किलोमीटर, पाच सायकली आणि मी

शनिवार, ४ जानेवारी २०२५
जगातल्या समस्त सपोर्टवाल्यांनो! सायकलवाले पुढे जातात, फोटो त्यांचे निघतात, हार त्यांच्या गळ्यात पडतात. पण त्यांचं पाणी, केळी आणि पंप घेऊन मागून टेंपोत येणाऱ्या माणसाचं नाव कधी कुठे छापून आलंय? (ही वही मीच वाचणार आहे. पण लिहायला बसलो की समोर सभा दिसते.)
पुढच्या शनिवार-रविवारी कर्जतच्या पाच बायका दोनशे किलोमीटर सायकल चालवणार. त्यात आमची सुनीती. वय चौपन्न, बँकेतून नुकतीच निवृत्ती घेतलेली. सपोर्टप्रमुख मी. नेमणूक कुणी केली नाही. गरज दिसली, स्वीकारली.

बुधवार, ८ जानेवारी
मीटिंग. औषधांच्या दुकानातली अबोली यांची लीडर. तिने नियम वाचले. टेंपोत पाच मिनिटं जरी बसलं तरी नाव बाद. कुणाची लिफ्ट घेतली तरी बाद. रविवारी संध्याकाळी सहाच्या आत कर्जतला परत.
मी ‘सपोर्टमागील विचार’ यावर चाळीस मिनिटं बोललो. अबोली म्हणाली, काका, पाणी आणि ट्यूब आणा, विचार टेंपोत मावणार नाहीत. सगळ्या हसल्या. वातावरण अनुकूल.
जेवताना सुनीती म्हणाली, अहो, तीस वर्षं तुमच्या स्कूटरवर मागे बसून सगळीकडे पोचले. एकदा माझी मी पोचू दे. गहिवरून आलं. टेंपोत तिच्यासाठी गादी टाकायचं ठरवलं.

शुक्रवार, १० जानेवारी
तयारी पूर्ण. केळी आठ डझन, गादी, बॅटरीवरचा स्पीकर. टेंपोवाला दशरथ, ठाकुरवाडीकडचा. म्हणाला, भाऊ, केळ्यांवर गादी नका टाकू, शिकरण व्हईल. त्याला सेनापतींच्या चरित्रांतले दोन प्रसंग सांगितले. तो टेंपोची काच पुसायला गेला.
संकल्प : उद्यापासून कमी बोलणे.

शनिवार, ११ जानेवारी, सकाळी ७
सुटायची वेळ साडेपाच. सुटल्या सहा वीसला. भाषण गाजलं. दशरथ म्हणतो, बायांचे गुडघे आखडले थंडीत. थंडी माझ्या हातात नाही.

दुपारी १
सपोर्टने शेवटच्या सायकलमागे राहावं, हा माझा सिद्धांत. शेवटी सुनीती होती. पुढच्या चौघींचं पाणी नेरळच्या अलीकडेच संपलं. त्यात त्यांचा दोष. आता सगळ्या थेट दशरथलाच फोन करतात. कामाची वाटणी आपोआप झाली.
शिकरण झालं आहे.

संध्याकाळी, खालापूर
शंभर झाले. सुनीती बादलीत पाय बुडवून बसली होती आणि एकटीच हसत होती. गादीचा विषय काढला नाही.

रविवार, १२ जानेवारी, दुपारी ३:१०, कडाव
आणीबाणी. पोशीर गाव सोडल्यावर रस्त्याकडेच्या आंब्याखाली सुनीती आडवी. सायकल खोडाला टेकलेली. मी ओळखलं, शरीराने हात टेकले. घोरत होती, पण माणूस बेशुद्धीतही घोरत असणार.
दशरथ म्हणाला, भाऊ, उठवा ना, इचारा तरी. मी म्हटलं, थकलेल्याला उठवणं हे पाप. मी कडाववरून डॉक्टर आणतो. पण मध्येच जागी झाली, तर ही जिद्दी बाई पुन्हा सायकलवर बसेल! म्हणून सायकल टेंपोत घातली. दशरथ कपाळाला हात लावून बसला. अशा क्षणी एकानेच निर्णय घ्यायचा असतो.

३:५०
रविवार, दवाखाना बंद. कडावला चौघी वडापाव खात होत्या. सुनीतीच्या माघारीवर बोललो. स्पीकर उत्तम. मध्ये एक अनोळखी नंबर तीनदा वाजला, तीनदा कापला. चौथ्यांदा दशरथने फोन माझ्या हातातून घेतला आणि स्पीकरला लावला.
सगळ्या कडावने ऐकलं. फोन कुणा भागीबाईचा, आंब्याखालून गवताचा भारा घेऊन चालली होती, सुनीतीने तिला थांबवलं होतं. म्हणाली, सायकल घेऊन पळालास आणि बायको ठेवलीस? लोक उलटं करतात रं!
मग सुनीती. दहा मिनिटं पडले होते, म्हणाली. अबोलीला सांगून. माझा मोबाईल सायकलच्या पिशवीत, पाणी सायकलवर. लिफ्ट घेतली तर बाद, चालत आले तर तेवढे किलोमीटर गेले. म्हणून मी इथेच बसलेय. सायकल आणा.

४:२०
आणली. तिने घड्याळ बघितलं, माझ्याकडे नाही. मी म्हटलं, गादी आहे. ती निघून गेली होती.

संध्याकाळी ७, घरी
चौघी वेळेत आल्या होत्या. पण उल्हास नदीच्या पुलावर सायकली टेकवून उभ्या राहिल्या. अबोली म्हणाली, शेवटचा अर्धा किलोमीटर पाचजणींचा. मी त्यांना जा जा म्हटलं, हात जोडले. कुणी हललं नाही. सहा वाजले. माझ्याकडे स्पीकर होता, तो बंद केला.
सुनीती आली सहा एकोणीसला. दोनशे किलोमीटर, सगळे तिचे. पाचही जणी वेळेत नापास.
ऐक्य साधलं, असं म्हणता येईल.

सोमवार, १३ जानेवारी
म्हणता येणार नाही.
मी उत्तरं तयार ठेवली होती, सुनीतीचा प्रश्नच आला नाही.
दुपारी ग्रुपवर मेसेज. येत्या शनिवारी पुन्हा, पहिल्यापासून. सपोर्ट : दशरथ. खाली माझं नाव असेल म्हणून स्क्रीन सरकवली. खाली केळ्याचं चित्र होतं.
सुनीती ओट्यावर चेनला तेल घालत होती. विचारलं, मी काय करू? म्हणाली, काही नाही. मी म्हटलं, म्हणजे नक्की काय? म्हणाली, पाचला निघणार आहोत, तुम्ही झोपून राहा. आवाजात राग नव्हता. असता तर बोलता आलं असतं.
तेव्हा, सपोर्टवाल्यांनो! शनिवारी पहाटे दारात टेंपो येईल. बायको एकटीच पायरीवरून सायकल उतरवत असेल, चाक आपटेल. हात शिवशिवतील. माझं एवढंच आवाहन आहे.
अंथरुणातून उठू नका.