जयूच्या थापेतली वहिनी

५ जानेवारी १९८६, रविवार

आज धीर करून ह्यांना विचारलंच — जयवंत कसा होता हो?
‘चांगला होता,’ म्हणाले. आणि चपला घालून खाली गेले. संपलं!
लग्न ठरताना एवढंच कळलं होतं, की धाकटा दीर होता, सोळाव्या वर्षी मेंदूज्वराने तीन दिवसांत गेला. दोन वर्षं झाली. हॉलमध्ये त्याचा फोटो आहे, मान वाकडी करून हसतोय. रोज फोटोखालून केर काढते. पण या घरात त्याचं नाव कुणी घेत नाही. आई, म्हणजे सासूबाई, तर फोटोकडे बघतसुद्धा नाहीत. मामंजी मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत वॉचमन, गिरणी बंद पडल्यापासून. ड्यूटीवरून येतात, फोटोपुढे एक क्षण उभे राहतात, मग टोपी काढतात.
मी या घरात नवीन. कुणाला काय विचारावं तेच कळत नाही.

१२ जानेवारी, रविवार

आज जयवंतचा मित्र आला होता, बाळा. स्क्रूच्या कारखान्यात लागलाय. लग्नाला जमलं नाही म्हणून आज स्टीलचा डबा घेऊन आला. हे ओव्हरटाइमला, आई देवळात. दार उघडलं तर माझ्याकडे बघून हा खो खो हसायलाच लागला! मला रागच आला.
‘सॉरी वहिनी! पण तुम्ही खरंच आहात!’
मग सांगितलंन. जयूची म्हणे एकच थाप असायची — भावाचं लग्न आहे! आरे कॉलनीत कैऱ्या पाडताना रखवालदाराने धरलं, तर हा म्हणतो, ‘काका, भावाचं लग्न आहे, तोरणाला डहाळे पाहिजेत.’ डहाळ्यांना कैऱ्या लटकलेल्या! शाळेला दांडी मारली, भावाचं लग्न. सरांनी विचारलं, ‘अरे, ते दिवाळीआधी झालं ना?’ तर म्हणे, ‘सर, तो साखरपुडा होता!’
‘आणि वहिनी पण ठरवून टाकलेली यार त्याने. मालवणकडची, लांब केसांची. चिडली की बोलत नाही, नुसती भांडी आपटते.’
अगं बाई! ह्यांना विचारा मी काय करते ते!
चहा पिताना बाळाने मध्येच कप खाली ठेवला. मग म्हणाला, ‘खऱ्या लग्नाला तो पाहिजे होता ना वहिनी.’
गेला तेव्हा त्याच्या बशीतली बिस्किटं तशीच होती.

१५ जानेवारी, बुधवार

बाजारात वनमाला म्हणून कोळीण बसते. कुठल्या घरची म्हणाली, सांगितलं. हातातला कोयता खाली ठेवलान तिने.
‘जयूची वहिनी काय गो तू? तुला बांगडा आवडतो ना?’
हिला कसं ठाऊक?
‘पोरगा दर खेपेला सांगायचा, वहिनीच्या वाटणीचा एक घाल. मी घालायची. मला काय ठाव, वहिनीच नाय!’
हसली, आणि पदर डोळ्यांना लावला. आज पण एक बांगडा जास्त घातलान.
जेवताना तो माझ्याच पानात आला. नुसते काटे काढत राहिले. ज्याला कधी पाहिलं नाही त्याची आठवण येते का माणसाला? मला येतेय.

१९ जानेवारी, रविवार

वाट लागली!
हळदीकुंकू होतं. सुनंदाताई शेजारच्या — त्या आपल्या सहज सांगायला लागल्या. जयू एकदा भावाचं लग्न म्हणून त्यांच्या चार खुर्च्या घेऊन गेला. संध्याकाळी बघतात तर मैदानात क्रिकेटची मॅच, आणि खुर्च्यांवर रुबाबात पाहुणी टीम! मी मोठ्याने हसले. अगदी पोट धरून.
मागे वळले तर आई. हातात वाणाचं ताट. त्यांनी ताट ठेवलं, आत गेल्या, बायका जाईपर्यंत बाहेर आल्याच नाहीत.
हे चिडले. ‘आईसमोर त्याचं नाव काढायचं नाही, सांगितलं होतं ना!’
नव्हतं सांगितलं. मला या घरात कुणीच काही सांगत नाही!
मी भांडी आपटली.

२१ जानेवारी

आई अजून बोलत नाहीत. गावी जावंसं वाटतं.

२६ जानेवारी, रविवार

सुट्टी. हे म्हणाले, चल, आरेला जाऊ. बसमधून उतरून बराच वेळ नुसते चालत होतो. गोठ्यांचा वास, झाडी, ऊन. मग एका कठड्यावर बसले आणि म्हणाले, ‘मला जयूच्या शाळेत बोलावलं होतं सरांनी.’
‘कशाला?’
‘अभिनंदन करायला! हात हातात घेऊन म्हणाले, संसार सुखाचा करा.’
‘मग? तुम्ही काय म्हणालात?’
‘काय म्हणणार? बाहेर खिडकीत हा हात जोडून उभा. थँक्यू म्हणालो.’
हसायला लागले. इतके हसताना मी ह्यांना पाहिलंच नव्हतं. मग हसता हसता रडायला लागले. रस्त्याने माणसं जात होती. मी पाठीवर हात ठेवून बसले. तेवढंच सुचलं.
घरी आल्यावर जेवताना ह्यांनी ती गोष्ट आपण होऊन सांगितली. आईंसमोर! माझा घास हातातच राहिला. मामंजींना हसताना ठसका लागला. आई वाढत राहिल्या.

२८ जानेवारी, मंगळवार

दुपारी दोघी वाल सोलत होतो. आई एकदम म्हणाल्या, ‘माझो जयू पायाळू गो. पाय आधी भायर इले. तेव्हापासून त्याका सगळ्याचीच घाई.’
मग बोलतच राहिल्या. स्टोव्हवरची डाळ करपल्याचा वास आला. दोघींपैकी कुणी उठलं नाही.