एकाच चौरंगावर

२२ सप्टें., सोम.
घट बसवून ड्युटीला. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात पोचते तो निरोप: बजेटला कात्री लागलीय, ठेक्यावरच्या आम्हा सहाही जणांना महिनाअखेर कमी करणार. साहेब स्वतः आले नाहीत, शिपायाला पाठवलं. दोन नंबरच्या पंपाच्या दांड्याभोवतीची ग्लँड गळत होती. कशाला दुरुस्त करायची आता, म्हणून तासभर बसून राहिले. मग केलीच. गळणारं पाणी बघवत नाही.

२४ सप्टें.
म्हात्रेकाकांना भेटले. चिरनेरचे. पंपघरात सगळ्यांत जुने, कायम नोकरीवाले आणि युनियनचे सेक्रेटरी. माणूस वाईट नाही, पण युनियन म्हटलं की दार बंद. "तुमी ठेकेदाराची मानसं. आमच्या युनियनमधी बसत नाय." म्हटलं, काका, शिफ्ट तर तुमच्याच बरोबरीने करतो ना? "त्या खरा हाय," म्हणाले आणि चहा मागवला. चहाने काय होतंय.
घरी ह्यांना सांगितलं. हे न्हावा शेव्याला ट्रेलरवर, दमून आलेले. "दुसरा काय तरी बघू," म्हणाले. मला दुसरं नकोय. आय.टी.आय. करून सहा वर्षं याच पंपांवर काढली. हे काम मला येतं नि आवडतं. बस, एवढंच.

३० सप्टें., मंगळ.
शेवटची ड्युटी. खंडेनवमीसाठी हत्यारं धुवायचं काम दरवर्षी माझ्याकडेच, कायमवाल्यांचीसुद्धा. पूजेचे चौरंग मात्र दोन. त्यांचा आत पॅनेलसमोर, आम्हा ठेकेवाल्यांचा बाहेर नळापाशी. कोणी ठरवलेलं नाही, रीत पडलीय. डिझेलच्या घमेल्यात सगळे पाने एकदमच टाकले. पुसताना जे रडू आलं ते थांबेचना. तशीच सगळी हत्यारं, त्यांची नि आमची, आतल्या चौरंगावर मांडून निघाले. घरी भाकऱ्या थापताना लक्षात आलं काय करून ठेवलंय ते. आता उद्या बोलणी खायची.

१ ऑक्टो., खंडेनवमी
नोकरी नाही, तरी पूजेला गेले. सलीमभाई झेंडू घेऊन हजर. माझ्याबरोबरच कमी झालेला फिटर. "फुलांचा जिम्मा माझा, वहिनी. नोकरी गेली, जिम्मा कुठे गेला?"
काकांनी चष्म्याशिवायच सगळ्या पान्यांना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, मग चष्मा चढवला. "ह्या कोनी मांडला?" माझी मान खाली. कायमवाले एकमेकांकडे बघताहेत. काकांनी चष्मा काढून परत खिशात टाकला. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे. पूजा झाली आता."
तेवढ्यात ठेकेदाराचा सुपरवायझर गोणी घेऊन आला. ठेका संपला, आमची हत्यारं परत द्या. काका आडवे आले. "पूजेचा हत्यार आज उचलाचा नाय. तुज्या घरी उचलतान का?" बिचाऱ्याने चपला काढल्या, नमस्कार केला, खोबरं खाल्लं नि रिकामी गोणी घेऊन गेला. बऱ्याच दिवसांनी पोट धरून हसले.

२ ऑक्टो., दसरा
काका सोनं द्यायला घरी. सहा वर्षांत पहिल्यांदा. सांगत होते, पूजा उचलताना वाद झाला. काही जण म्हणाले, ठेक्याची हत्यारं वेगळी काढा. "मी बोललो, वलखून दावा." कोणालाच ओळखता आली नाहीत, धुतल्यावर सगळी सारखीच. शिवाय आमच्या वाटच्या शिफ्टा अंगावर पडून एका दिवसात कायमवाल्यांच्या कमरा धरल्यात.
"उद्या मीटिंगला ये. सलीमला पन आन." दारातून परत वळले. "तुजा पूर्ण नाव काय गं?"
इतकी वर्षं मी नुसती ताई.

३ ऑक्टो.
मीटिंगमध्ये नुसता आरडाओरडा. एक जण म्हणाला, ह्यांना घेतलं तर साहेब आपल्यावर डूख धरतील. काका बसल्या जागेवरून म्हणाले, "औंदा ही गेली. फुडच्या बजेटला कोन, त्या सांग." शेवटी ठरलं: डबल ड्युटी कोणी करायची नाही आणि आम्ही सहाही युनियनचे सभासद. सगळ्यांनी हात वर केले नाहीत. पण पुष्कळांनी केले.
पावतीवर नाव: सुरेखा अनंत भोईर. ह्यांना दाखवली. दोनदा वाचली आणि देवापुढे ठेवली.

६ ऑक्टो., सोम.
डबल ड्युटी बंद, म्हणून नवीन पनवेलला सकाळी पाणी उशिरा सुटलं, ऑफिसात फोनवर फोन. काका, सलीमभाई नि मी गेलो तेव्हा साहेब घामाघूम. माझ्याकडे बघून विचारलं, "या कशा आल्या? या तर ठेक्यावरच्या."
काका म्हणाले, "आमच्यातली हाय." आवाज चढवला नाही. माझे डोळे भरून आले. साहेबांसमोर रडायचं नाही म्हणून पंख्याकडे बघत राहिले.
साहेब म्हणतात पैसा नाही, पण वर बोलतो, गुरुवारी या. काका म्हणतात, नाही ऐकायचीही तयारी ठेव. ठेवते. पण मला आशा वाटतेय आणि ती मी लपवणार नाही.
येताना पंपघरात डोकावले. दोन नंबरची ग्लँड कोरडी, थेंबभरही गळत नाही.
संध्याकाळी सुपरवायझरचा फोन. पाने कधी मिळणार? म्हटलं, काकांच्या कपाटात आहेत, सगळ्यांचे एकत्र. या, तुमचे ओळखा नि घेऊन जा.
मग म्हणाला, "गुरुवारचं काय होतंय ते बघून येतो."