चोरासाठी ठेवलेली नाणी

आई,

तुला जाऊन बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत मनातल्या मनात मी तुझ्याशी पुष्कळ बोलले, पण एक गोष्ट टाळून. ती आज लिहायला बसले आहे. घरात कोणी नाही. लेक ड्युटीवर गेली आहे, हे शहाडला भावाकडे.

डोंबिवलीच्या त्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या मला अजून जशाच्या तशा दिसतात. पुढच्या खोलीला शटर, तिथे तुझं पोळीभाजी केंद्र. मागच्या खोलीत आपण दोघी. बाबा गेले तेव्हा मी कॉलेजात होते आणि तू महिन्याभरात परात मांडलीस. कणकेचा गोळा हातात घेतलास की तू म्हणायचीस, "हा कमी आहे, चिमूटभर लाव." मदतीला येणारी बाई हट्टाने काट्यावर ठेवून बघायची आणि तुझंच खरं निघायचं. वर्षातून एकदा, हात सैल असला तर दोनदा, तू पातळ बदलून कल्याणला तुझ्या नेहमीच्या सोनाराकडे जायचीस आणि एक ग्रॅमचं नाणं घेऊन यायचीस. शर्टाच्या बटणाएवढं. एका बाजूला लक्ष्मी, दुसऱ्या बाजूला दुकानाचा शिक्का. शेजारच्या बायका दसऱ्याला वेढणी घ्यायच्या, बांगड्या करायच्या. तू म्हणायचीस, "करताना घडणावळ द्या, मोडताना घट सोसा, एवढी ऐपत नाही माझी. नाणं चोख. आणि लहानच बरं. बोटभर गरजेला हातभर सोनं मोडायला लागू नये." मग ते नाणं त्याच्या प्लॅस्टिकच्या पाकिटासकट स्टीलच्या डब्यात, डबा कपाटात, आणि कपाटाची किल्ली देव्हाऱ्यातल्या गणपतीच्या मागे. अशी अकरा नाणी झाली होती. ती मोजताना तू माझ्यापासून कधी लपवली नाहीस.

ती अकराच्या अकरा मी नेली, आई.

आंबिवलीचं वर्कशॉप बंद पडलं आणि ह्यांची नोकरी गेली, एवढं तुला माहीत होतं. त्याआधी ह्यांनी एका माणसाकडून व्याजाने पैसे उचलले होते, ते तुला माहीत नव्हतं. तो माणूस आमच्या कळव्याच्या घरी येऊन दाराशी खुर्ची मागून बसायचा. ओरडायचा नाही. पोरीला जवळ बोलवायचा, शाळेत काय शिकवलं विचारायचा. मला त्याचीच भीती वाटायची. तुझ्याकडे मागितलं असतं तर तू दिलं असतंस, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण लग्नाआधी तू म्हणाली होतीस, "माणूस वाईट नाही, पण पैसा टिकणार नाही त्याच्या हाती." त्यावरून मी तुझ्याशी दोन महिने अबोला धरला होता. तुझं म्हणणं खरं ठरलं, हे तुझ्यासमोर उभं राहून सांगण्यापेक्षा मला चोरी सोपी वाटली.

तू भाजी आणायला गेलेलीस. मी गणपतीच्या मागून किल्ली घेतली. पूजेच्या सामानाच्या दुकानात मिळतात तसली मुलाम्याची अकरा नाणी मी पर्समधून घेऊनच आले होते. म्हणजे त्या क्षणी बुद्धी फिरली, असंही मला म्हणता येत नाही. तुझ्याच पाकिटांत ती भरली, डबा होता तसा ठेवला, आणि तू आल्यावर तुझ्याबरोबर बसून मेथी निवडली.

खरी नाणी ठाण्याला मोडली. त्या माणसाचं येणं थांबलं. पुढे ह्यांना काम लागलं, मलाही मेडिकलच्या दुकानात काउंटरवर नोकरी मिळाली. जमेल तसं ठाण्याहून एकेक ग्रॅमचं नाणं घ्यायचं, रविवारी तुझ्याकडे यायचं, संधी साधून एक खोटं काढायचं आणि एक खरं ठेवायचं, असं मी ठरवलं. पहिली तीन मी घाईघाईत ठेवली. तू न्हाणीघरात असायचीस, नाहीतर पुढे गिऱ्हाईक करत असायचीस. मग एका दिवाळीनंतर तू अचानक रविवारी देवळात जायला लागलीस. तू, जी म्हणायचीस की देवाला घरबसल्या ऐकू येतं. चार वाजता पदर सारखा करून तू म्हणायचीस, "तू बस. मला तास तरी लागेल. सावकाश येते." किल्ली कधी ओट्यावरच राहिलेली असायची. मला वाटायचं, आई थकली, विसरायला लागली. मला वाटायचं, देव माझ्यावर मेहेरबान आहे. त्या दिवाळीनंतर तू एकही नवं नाणं घेतलं नाहीस, तेही मला खटकलं नाही.

त्याच सुमारास तुझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनचं काढलं की तू म्हणायचीस, "बघू पुढच्या वर्षी. पोळीला डोळे कशाला लागतात? हाताला दिसतं." एका रविवारी मी आले तर तुझ्या मनगटापासून कोपरापर्यंत भाजलेलं. तवा कुठे संपतो ते दिसलं नव्हतं. मी काय म्हटलं ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. मी म्हटलं, "लक्ष कुठे असतं तुझं? पैसे साठवून काय करणार आहेस, डोळे गेल्यावर?" तू त्यावर तूप लावत होतीस. मान वर करून माझ्याकडे पाहिलंस.

आणि एकदा, देवळात निघताना चप्पल घालता घालता तू विचारलंस, "किती राहिलं गं तुझं?" माझ्या हातात पोरीचा स्वेटर होता. मी म्हटलं, "थोडंच राहिलंय." तू म्हणालीस, "घाई करू नकोस. होतं सावकाश."

पुढच्या महिन्यात तू गेलीस. सकाळी कणीक भिजवून ठेवलेली आणि तू परातीशेजारी. डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता. तेव्हा डब्यात नऊ खरी होती आणि दोन खोटी.

आता कोणाला दाखवायची होती, तरी ती दोन तशीच ठेवणं मला जमेना. महिन्याभराने मी कल्याणला तुझ्या सोनाराकडे गेले. आजवर मुद्दाम तिथे जात नव्हते. म्हटलं, निदान शेवटची दोन तुझ्या सोनाराच्या शिक्क्याची असू देत. मी कोणाची मुलगी ते सांगितल्यावर त्याने आतून खुर्ची मागवली, चहा सांगितला.

"तुमच्या आई म्हणजे काय बाई होत्या," तो म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी, दिवाळी झाल्यावर आलेल्या. डोळ्याचं ऑपरेशन करायचंय, पाच नाणी मोडायचीत. सगळीच घेऊन आलेल्या. मी कसोटीवर घासायला घेतली. पहिली तीन चोख. चौथं घासलं तर पितळ. पाचवं पितळ. दुकानात गिऱ्हाइकं बसलेली. मी जरा मोठ्यानेच म्हटलं, मावशी, हे काय आणलंत?"

मी विचारलं, "मग?"

"ती दोन हातात घेऊन चाचपली त्यांनी. मग हसल्या. म्हणाल्या, अरे, ती चोरासाठी आहेत. चोर आला तर फसावा म्हणून मीच मिसळून ठेवली होती. डोळ्यांनी दिसत नाही, आज निवडता आली नाहीत." सोनार हसायला लागला. "मी म्हटलं, तीन खरी आहेत, ती तरी मोडा, ऑपरेशनला हातभार लागेल. तर नको म्हणाल्या. सगळी परत भर, आणली होती त्याच क्रमाने. आजसुद्धा मी गिऱ्हाइकांना सांगतो, सोनं सांभाळावं तर त्या पोळीवाल्या मावशींसारखं."

मी चहा प्यायले. दोन नाणी घेतली. तीन कमी झालेली मला दिसली असती, म्हणून तू ती मोडली नाहीस. तुला कळलंय हे मला कळू नये, म्हणून तू दोन वर्षं अर्ध्या उजेडात तव्यासमोर उभी राहिलीस. त्या दिवशी डोंबिवलीच्या बंद घरात जाऊन मी शेवटची दोन ठेवली, तेव्हा कोणीतरी नुकतंच बाहेर गेलंय, तासभर येणार नाही, असं वाटत राहिलं. ते अजून जात नाही. रविवारी चार वाजले की मला घरात बसवत नाही. मी उठते, खाडीच्या पुलापर्यंत चालत जाते, तास काढते.

हल्ली मीही नाणी घेते. एक ग्रॅम, भाव चढला की अर्धाच. आता ती कार्डावर सीलबंद येतात, त्यावर शुद्धता छापलेली असते. लेक म्हणते, "आई, मोबाईलवर घे ना, पाव ग्रॅमसुद्धा मिळतं." मी दुकानातच जाते आणि सील फोडून तपासायला लावते. दुकानातला मुलगा म्हणतो, "मॅडम, सील तुटलं तर परत घेताना आम्ही पैसे कापणार." मी म्हणते, कापा. आणि रविवारी पुलावरून परतले की डबा उघडून मोजते. माझी पोर एकटी घरात असते, तिने कधी त्या कपाटाला हात लावलेला नाही, तरी मोजते. तू माझ्यामागे कधी मोजली असशील का? गोळा चिमूटभर कमी असला तरी तुझ्या हाताला कळायचं. मग सोनाराकडे जाईपर्यंत तुला खरंच काही कळलं नव्हतं, की पहिल्याच दिवशी, मेथी निवडताना कळलं होतं, हे मला कोण सांगणार?

हा कागद लेक यायच्या आत फाडायला हवा. तिला सोनाराची गोष्ट माहीत आहे, मीच एकदा सांगून बसले. तिला ती फार आवडते. परवा मैत्रिणी आल्या होत्या, त्यांना सांगत होती, माझी आजी केवढी हुशार, चोरासाठी वेगळी नाणी ठेवायची. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हो की नाही गं आई?" मी हो म्हटलं, आणि सोनार जिथे हसला होता, तिथेच मीही हसले.