सुषमाचा लॅपटॉप पुसला

रविवार, संध्याकाळ. लाखनी.

सकाळी ह्यांनी जुना लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. "उद्या दिघोरीचं गिऱ्हाईक येऊन राहिलं. सगळं मिटवून टाक. तुले जमते." मी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते, जमतंच.

लॅपटॉप ह्यांच्या पहिल्या बायकोचा, सुषमाचा. तिला जाऊन चार वर्षं झाली, माझ्या लग्नाला दोन. मिटवण्याआधी फोल्डर उघडायची काय गरज होती? पण उघडलं. आत एक व्हिडिओ निघाला. पवनीजवळ नदीत दोघं डोंग्यात बसली आहेत, ती शूटिंग करता करता बोलते आहे आणि हे हसताहेत. अगदी पोट धरून. माझ्यासमोर असे कधी हसले? दोन वर्षांत एकदाही नाही. सहा वेळा पाहिला मी तो व्हिडिओ. ते हसणं तिचं होतं, आणि मला ते हवं होतं.

नुसतं डिलीट केलेलं पुन्हा काढता येतं. म्हणून पूर्ण डिस्कवर शून्यं लिहिणारा प्रोग्राम लावला. चार तास चालला. सुरू करण्याआधी व्हिडिओ बाजूला काढता आला असता. नाही काढला.

चहा घेताना ह्यांनी हळूच विचारलं, "सुषमाचं काही होतं काय त्यात?"

"काहीच नव्हतं जी."

"मले वाटलंच. माझा जुना मोबाईल चोरीले गेला, तेव्हाच तिचं सारं गेलं."

चहा अर्धा टाकून ते अंगणात जाऊन बसले.

व्हिडिओत सुषमा म्हणत होती, "एवढे हासू नका जी, डोंगा डुबल." ह्यांना ते आठवत नसेल, तर आता ते फक्त मला ठाऊक आहे.