दाराशी काढलेले बूट

तीर्थरूप आई,

इथूनच वाकून नमस्कार करते. जपानच्या या बेटावर फोनला रेंज नाही, म्हणून हे पत्र. मी बरी आहे. भात मिळतो, आणि मिसो सूपला मी आमटीच म्हणते. पायाला जरा काच लागली, पण धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय. तुझी कंबर कशी आहे?

आम्ही इथल्या जुन्या पडक्या चर्चची मोजणी करतोय. छप्पर उडालंय, आत गुडघाभर गवत आहे, पण भिंती वाचवता येतील. पहिल्याच दिवशी, देवाचं दार म्हणून, मी सवयीने बूट बाहेर काढून आत गेले. काच तिथेच लागली. आमचे साहेब मोरी-सान चांगलेच चिडले.

वाडीत आता एकट्या तोमे-सान आजी उरल्यात. त्या बघत होत्या. त्यांनी माझे बूट उचलून बाजूच्या सपाट दगडावर ठेवले आणि शेजारी आपल्या चपला काढल्या. म्हणाल्या, "सगळी वाडी इथेच काढायची."

तो दगड आम्ही राडारोड्यात धरला होता. आता तो नकाशात आलाय, जागचा हलणार नाही.

बाबांच्या वर्षश्राद्धाला मी येतेय. त्याआधी त्यांच्या चपला दारातून उचलून ठेव, असं मी बेटावर येण्याआधी फोनवर म्हणाले होते ना? नको उचलूस. मी आले की माझ्या चपला त्यांच्या शेजारीच काढेन.

तुझी,
अश्लेषा